न गळणारा डबा

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मी डबा पडताना बघायला गेलो.

आमच्या ग्राहक मंडळाने तेव्हा एकच धोशा लावला होता. डबे, पिंपं, बाटल्या बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला सरकारी प्रमाणाचा शिक्का सक्तीचा करा. गळक्या डब्यातून कीटकनाशक मालगाडीत सांडतं, शेजारच्या गव्हाच्या पोत्यात मुरतं, आणि जबाबदार कोण, तर कुणीच नाही. याची चीड नाही यायची तर कशाची यायची? 'शिक्का बघा, मगच डबा घ्या' हे पत्रक मीच लिहिलं होतं. त्याचा गठ्ठा काखोटीला मारून मी पुण्याहून सकाळच्या गाडीत बसलो.

लोणावळ्यात घाटाकडून वारा येत होता आणि चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईकरांची झुंबड होती. कारखाना स्टेशनपासून लांब, रस्ता संपतो तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये. "या, बघा. लपवण्यासारखं काही नाही," मालक म्हणाले. असं बोलणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. पण इथे खरंच काही लपवलेलं नव्हतं. बबन नावाच्या कामगाराने एक डबा पाण्याने काठोकाठ भरला, झाकण ठोकलं, साखळीने वर ओढला आणि सोडून दिला. फरशी हादरली. बबनने शिवणीवरून बोट फिरवलं.

"कोरडं. लावा हात."

टिकलेल्या डब्यांच्या बुडाला पत्र्यातच शिक्का ठोकलेला होता. गळणारे बिनशिक्क्याचे डबे कोपऱ्यात पडले होते.

"यांचं काय करता?"

"आमी घरी न्हेतो, दाणं ठिवायला. दाणं काय गळून जात न्हाईत."

"आणि चांगले कुठे जातात?"

"औषधाच्या कंपनीत. भाताच्या किडीवरचं इख (विष) भरत्यात त्यात."

मी खूश झालो. विष असंच बळकट डब्यात असायला हवं. दुसऱ्या दिवशी आंदर मावळात बबनच्या बहिणीचं लग्न होतं. "चला की भाऊ, हितं एकटं बसून काय करताय?" म्हणाला. मी निघालो. पत्रकं वाटायला वस्ती मिळत होती, आणि मांडवातलं जेवण कोण सोडतो?

एस.टी.ने आम्हाला एका फाट्यावर सोडलं, तिथून पायवाट. वैशाखाचं ऊन, खाचरं उघडी पडलेली. ठिकठिकाणी राब (पेरणीआधी पालापाचोळा घालून भाजलेली जमीन) काळे दिसत होते. वाटेत करवंदं खाल्ली, भेटेल त्याच्या हाती पत्रक दिलं. वाडीवर पोहोचलो तेव्हा घसा सुकला होता. बबनच्या आईने, मावशींनी, तांब्या पुढे केला. पाणी गार होतं. मी तो रिकामा केला आणि आणखी मागितलं.

"पी बाबा. झऱ्याचं हाय. बाया पहाटंपासनं वाहत्यात."

मांडवाच्या कडेला वऱ्हाडासाठी पाणी भरून ठेवलं होतं. स्वच्छ घासलेले, रंग उडालेले पत्र्याचे डबे रांगेने उभे होते. एक रिकामा डबा दगडावर उपडा घातला होता. त्याच्या बुडाकडे माझी नजर गेली आणि तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. कालचाच शिक्का.

मी बबनला बाजूला ओढलं. त्याने बुडावर अंगठा फिरवला. त्याचा चेहरा उतरला.

"मी दिवाळीपासनं घरी न्हवतो, भाऊ. आबांनी कवा आणलं, मला म्हाईत न्हाई."

बबनचे वडील, आबा, नव्या फेट्यात पाहुण्यांना बसवत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाजारात भंगारवाल्याकडनं घेतलं, वरचा कागद त्यानंच खरवडला हुता. राखंनं घासलं, चुन्यानं घासलं. बबन्याच्या गळक्या डब्यात दाणं, न गळनाऱ्यात पानी. इतकं कळतं आमाला. दिवाळीपासनं पितोय. कोन मेलं?"

"आबा, ज्याच्यावर शिक्का आहे तोच डबा वाईट. आत विष होतं."

शेजारी बसलेल्या एका पाहुण्याने माझंच पत्रक उलगडलं. "आवो, हितं तर लिवलंय, शिक्का बघून घ्या. आबांनी बघून घेतला. आता शिक्का हाय म्हनून सांडा म्हनता? आदी तुमचं काय त्ये ठरवा."

मांडव हसला. खाली ओढ्याकडून वाजंत्री ऐकू येऊ लागली. वऱ्हाड चढणीला लागलं होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लेकाला विचारलं, "बबन, खरं?"

"व्हय, आई. आमच्याच हातचं डबं. ह्यात दुसरं काय भरत न्हाईत."

मावशींनी जवळचा डबा कलता केला. सारवलेल्या मांडवातून पाणी पाहुण्यांच्या पायांखाली पसरलं. आबा पुढे झाले, पण त्यांनी हात धरला नाही. मग दुसरा डबा, तिसरा. बायकांनी तांब्याचे हंडे उचलले आणि ज्या वाटेने पाणी आणलं होतं त्याच वाटेने पुन्हा निघाल्या. मीही एक कळशी घेतली.

वऱ्हाड आलं आणि पाण्यावाचून उन्हात बसलं. नवऱ्याचा मामा मोठ्याने म्हणाला, "आबा, पोरगी देताय, आन् घोटभर पानी देववंना व्हय?" आबा हात जोडून उभे राहिले. अक्षता पडल्या, पंगत फार उशिरा उठली.

दुसऱ्या दिवशी बबनने पहारीने सगळ्या डब्यांच्या बुडांना भोकं पाडली. शिक्कामोर्तब झालेला पत्रा सहज फुटत नव्हता. मावशी मला पोचवायला बांधापर्यंत आल्या.

"डबं गेलं. पर दिवाळीपासनं पोटात गेलंय, त्ये निगतं का रं? नवरीच्या पोटातबी तेच गेलंय."

डॉक्टरांना विचारून कळवतो, म्हणालो.

उतरताना पुढच्या वाडीतल्या बाया झऱ्याकडे चाललेल्या दिसल्या, डोक्यावर तसलेच डबे. मी ओरडून सांगितलं. "व्हय, व्हय," म्हणत त्या चालत राहिल्या. त्यांच्यामागे गेलो, दोन घरांत बोललो आणि माझी एस.टी. चुकली.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "डब्यात नेमकं कुठलं औषध होतं?" लेबल तर भंगारवाल्यानेच खरवडलं होतं. कारखाना कुठला, पत्रा किती जाड, किती उंचावरून टाकला तर शिवण सुटते, हे सगळं तो शिक्का सांगतो. आत काय होतं ते सांगत नाही. आणि रिकामा झाल्यावर डब्याचं काय करायचं, याबद्दल प्रमाणाच्या नियमांत मला एक ओळ सापडली नाही. बळकट डबा मागताना आम्हालाही ती सुचली नव्हती.

मंडळाच्या बैठकीसाठी मी ती ओळ लिहून दिली आहे. बैठक पुढे ढकलली गेली. आंदर मावळात मी शनिवारी पुन्हा जाणार आहे. या खेपेला मावशी पाणी देतील, ते मी घेईन. तेवढ्यात त्या विचारतील, पोटात गेलेलं निघतं का.