बबनमामांचा सातूचा काढा

माझ्या मामांच्या दहाव्याला कावळ्याने तीन प्रकारची बिअर नाकारली. तिन्हींचं परीक्षण मी लिहिलेलं होतं, आणि त्यातल्या एकीलाही मी दहापैकी आठच्या खाली उतरू दिलं नव्हतं.

बबनमामा पिंपळवंडीचे, माझ्या आईचे धाकटे भाऊ. आयुष्यभर द्राक्षं आणि टोमॅटो पिकवले, कुणाचं वाईट बोलले नाहीत, आणि बहात्तराव्या वर्षी घशाला गाठ निघाली. पुण्याला नेऊन रेडिएशन झालं. (आमच्याकडे त्याला 'लाइट दिली' म्हणतात.) शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "आता खावंसं वाटेल ते द्या." हे ऐकून मामा खूश झाले. आम्ही झालो नाही.

मामांचा मुलगा नितीन पुण्यात क्राफ्ट बिअर बनवणाऱ्यांकडे कामाला आहे. क्राफ्ट बिअर म्हणजे थोडी थोडी करायची, तिच्यात आंबा, कॉफी, धने असं काहीबाही घालायचं आणि डब्यावर लांबलचक नाव छापायचं. तो दर शनिवारी वडिलांना बघायला यायचा. एकदा येताना चार डबे घेऊन आला. नवीन चव बाजारात जायच्या आधी घरच्या माणसांची मतं हवीत, म्हणाला. घरची माणसं म्हणजे मामा, मी आणि हसनभाई.

हसनभाई मामांचे तीस वर्षांपासूनचे मित्र, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारे. ते पीत नाहीत. चहाचा कप घेऊन बसायचे आणि आमच्याकडे बघायचे. मी मंचरच्या कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर घातल्यामुळे कशालाही नंबर द्यायचा आपल्याला अधिकार आहे, असं मला वाटतं. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि कांदा साठवायच्या बराखीच्या सावलीत आमची शनिवारची दुपार भरू लागली.

एक अडचण होती. मामी माळकरी. तिला सांगितलं, हा सातूचा काढा आहे.

"मग डब्यात कसा?" मामीने विचारलं.

"कंपनीचा आहे."

"आन् तुमी का पिताय?"

"मामांना सोबत म्हणून."

रिकामे डबे धुऊन, तळाला भोकं पाडून तिने त्यात कोथिंबीर लावली. दोन महिन्यांत ओटीच्या कडेने कोथिंबिरीची अशी रांग उभी राहिली, की आमची नेमकी किती झाली हे शेजाऱ्यांना मोजता यावं!

खरं सांगायचं तर पुण्यातले जे लोक पेला फिरवून त्यात नाक घालतात, त्यांची मी जन्मभर टिंगल केली. तिसऱ्या शनिवारी मी स्वतः लिहिलं : 'आरंभी संत्र्याच्या सालीची चाहूल, मध्ये ओल्या मातीचा विसावा, अखेरीस लवंगेची आठवण.' हे मी मोठ्याने वाचूनही दाखवलं. हसनभाईंनी कप खाली ठेवला. "राव, बैल घेताना आमी दात बघतो, खूर बघतो. तुमी नुसतं बैलाच्या सावलीला नंबर देताय," म्हणाले.

पण आमचे खरे परीक्षक मामा. ते घोटभर घेत, तो गिळायला त्यांना मिनिटभर लागे. मग डोळे मिटत. मी वहीवर पेन टेकवून. मग बारीक आवाजात निकाल यायचा, "आंबा हाय, पर पाडाचा न्हाई. आढीचा हाय." मी थरारायचो. माझ्या चार ओळी खोडून मामांचं एक वाक्य लिहायचो. नितीन ते पुण्याला नेऊन सांगायचा, आणि तिथले दाढीवाले तज्ज्ञ म्हणे माना डोलवायचे. अशा चौदा दुपारी झाल्या. आंब्याच्या बिअरला मामांनी दहापैकी नऊ दिले, तो वहीतला विक्रम.

पंधराव्या शनिवारी मामा उठले नाहीत. मंगळवारी गेले.

आमच्या भागात दहावा म्हणजे सभा असते. कुकडीच्या घाटावर मांडव, सतरंज्या, माइक, प्रवचन, आणि मग मान्यवरांचे 'दोन शब्द', जे दोनशेच्या आत कधी आटपत नाहीत. पुढारी सकाळी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जातात. भाषण तेच असतं, नाव विचारून घेतात. इकडे ते चालू असताना तिकडे पिंड ठेवतात आणि सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर माणूस तृप्त गेला. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. तेव्हा गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मोकळे होतात. बायको मोकळी होत नाही. 'नवरा उपाशी गेला' हे तिला मरेपर्यंत ऐकावं लागतं. मामी पायरीवर बसली होती. दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. ती पिंडाकडे पापणी न हलवता बघत होती.

कावळे होते. बाभळीवर सात-आठ बसले होते. खाली एकही येईना.

जिलेबी ठेवली. शेव ठेवली. तंबाखूची पुडी ठेवली. नितीनने हात जोडून सांगितलं, की द्राक्षबागेची राहिलेली तार ओढून घेईन. मामांच्या धाकट्या भावाने सांगितलं, की बांधाचा वाद आजपासून मिटला. (ज्यांच्याशी वाद होता, त्या चुलतभावांनी हे नीट ऐकून घेतलं.) कावळे ढिम्म. अर्धा तास गेला, ऊन चढलं, बायकांची कुजबूज सुरू झाली. मामीने पदर तोंडाशी नेला.

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. वेळ पडली तर असावेत म्हणून नितीनने पुण्याहून आणलेले तीन डबे तिच्यात होते. पुरावा वहीत होता : आंबा, दहापैकी नऊ. मी पिशवी उचलली आणि पिंडाजवळ जाऊन ओणवा झालो.

त्याच वेळी माइकवरचे मान्यवर म्हणत होते, "बबनराव म्हणजे अत्यंत निर्व्यसनी, सात्त्विक असं व्यक्तिमत्त्व..." आणि मी डबा उघडला.

फस्स!

माइक माझ्यापासून चार हातांवर होता. तो आवाज मांडवाच्या चारही कर्ण्यांतून निघाला. मान्यवर थांबले. सतरंजीवरच्या चारशे माणसांनी मान वळवली. भाषणाच्या अख्ख्या वेळात त्यांनी ती पहिल्यांदाच वळवली असावी.

"काय आहे ते?" गुरुजींनी विचारलं.

"सातूचा काढा."

गुरुजी घाटावर बरीच वर्षं काढलेले. "वास ओळखीचा आहे," ते हळूच म्हणाले. "होऊ द्या."

द्रोणात आंबा ओतला. एक कावळा उतरला. तो दोन पावलं चालला, मान वाकडी करून द्रोणाकडे पाहिलं, बाजूच्या दगडावर चोच पुसली आणि परत बाभळीवर गेला. मी कॉफीची ओतली. तो पुन्हा आला, पण निम्म्या वाटेतूनच फिरला. धने-संत्र्याची ओतली, तेव्हा तो जागचा हललाच नाही. त्याने माझ्याकडे पाठ केली. माझ्या लिखाणावर इतकं निःसंदिग्ध मत आजवर कुणी दिलेलं नाही.

"गिऱ्हाईक पारखी हाय," मागून हसनभाई पुटपुटले.

तेवढ्यात मामी उठून माझ्याजवळ आली.

"तिन्ही वतले?"

मी गार झालो. "तिन्ही म्हणजे, मामी, काढा..."

"बिअर हाय ती. मला काय वास येत न्हाई व्हय?" मामी द्रोणाकडे बघत म्हणाली. "ती ठिवून कावळा कशाला यील? त्यांला चव कुठं कळत व्हती?"

"म्हणजे?"

"लाइट दिल्यापासनं जिभंला काय बी कळत नव्हतं. मीठ न्हाई का साखर न्हाई. माझं कालवण त्यांला चुन्यावानी लागायचं. पर तुमी शनवारी यायचा, वही काढायचा. मग ह्ये डोळं मिटून कायतरी ठोकून द्यायचे. शुक्करवारी मला इचारायचे, 'आता उद्या काय सांगू गं?' आढीचा आंबा मीच सांगितला. डब्यावर चितार व्हतं आंब्याचं."

मी वहीतल्या चौदा शनिवारांचा विचार केला. दाढीवाल्या तज्ज्ञांचाही केला. नितीन खाली बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते कळेना.

"आधी का नाही बोललीस, मामी?"

"काय बोलू? शनवारपतूर जगायचं, मग फुडच्या शनवारपतूर. तेवढंच उरलं व्हतं त्यांच्याजवळ. त्यात मी माळ कुठं आडवी घालू?" तिने डोळे पुसले. "आता तुमी बोला. तुमाला लई शबुद येत्यात."

मान्यवर माइक धरून उभे होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "मामा, शनिवार मी मोडणार नाही. मामीकडे येत जाईन."

बाभळीवरच्या त्या कावळ्याने मान वळवली. बस्स, तेवढंच.

मी आणखी विचार केला. एकच गोष्ट राहिली होती, आणि ती माझ्याकडेच होती.

"आणि मामा, यापुढे जन्मात कुठल्याही पदार्थाची चव मी कुणाला..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. त्याच्यामागून बाकीचे सात आले. मांडवात 'शिवला, शिवला' झालं. मामीने मोकळा श्वास सोडला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पाणी मागितलं.

मी शब्द पाळतो. दर शनिवारी मंचरहून एसटीने जातो, कोथिंबिरीच्या रांगेशेजारी बसतो. मामी चहा देते आणि विचारते, "कसा झालाय?" मी "चांगला" म्हणतो आणि तिथेच थांबतो. मामीला हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं. परवा चहात तिने साखर समजून मीठ घातलं होतं. पहिल्या घोटालाच कळलं. तोंड उघडणार, तेवढ्यात समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसला.

"चांगला झालाय," मी म्हणालो, आणि अख्खा कप संपवला. मामीने दुसरा ओतला.