हॉलिहॉकचा कोहळा

माझा स्वभाव मुळीच जळका नाही. फक्त तिरुवैयारुला नणंदेच्या फाटकाशी उभी असलेली हॉलिहॉकची झाडं पाहिली, की माझ्या पोटात दुखतं. माणसाहून उंच, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी फुलं! त्यात परत तंजावूरला घरी येईपर्यंत सासूबाईंचं बसमध्ये एकच चालतं, "आमच्या सुधाच्या हाताला गुण आहे हो." (माझ्या हाताला सांबाराचा वास आहे.)

म्हणून मीही बी पेरलं. उगवलेल्या रोपांतलं एक सोडून बाकी सगळी शेजारच्या बकरीने खाल्ली. त्या एकाला मी तांदळाचं धुवण पाजलं, काठीचा आधार दिला, आणि संक्रांतीच्या तोंडावर ते कळ्यांनी भरलं. सुधावन्सं सणाला जेवायला यायच्या होत्या. त्यांनी ते बघावं आणि त्यांचा घास घशातच अडकावा, एवढीच माझी इच्छा होती.

मग मनात आलं, त्यांची दृष्ट लागली तर? मी त्यांच्या झाडांकडे कशी बघते ते मला ठाऊक होतं ना.

"अहो, दृष्टीचा कोहळा आणा. चांगला मोठा."

"घराला?" ह्यांनी विचारलं.

"झाडाला."

"एका झाडाला?"

"तुम्हाला तुमच्या बहिणीचे डोळे माहीत नाहीत."

ह्यांनी मिशीवाला, जीभ काढलेला राक्षस रंगवलेला कोहळा आणला. आता टांगायचा कुठे? झाडाजवळ उंच अशी एकच वस्तू होती, त्याच्या आधाराची काठी. मी तिलाच बांधला.

सणाच्या दिवशी वन्सं फाटकातून आत आल्या. मी ऐटीत हात करून म्हटलं, "बघा." तेवढ्यात काठी सावकाश वाकली. झाडाला पोटाखाली घेऊन कोहळा धप्पकन बसला आणि फुटला.

"अय्यो वैनी," वन्सं हळहळल्या, "कुणाची दृष्ट लागली हो?"

"कुणाची म्हणजे? हीच दिवसभर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसते," सासूबाई म्हणाल्या, आणि मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या.

वन्संनी पिशवीतून एक कुंडी काढली. हॉलिहॉकचं रोप! "तुमचं फाटक ओकंबोकं दिसतं, म्हणून आणलं."

ते आता खूप फुललंय म्हणे. त्याला पाणी घालायची मला परवानगी आहे, पण डोळे मिटून.