आईनं न घेतलेलं नाव

नातीचं नाव काय ठेवायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारतच नाही. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, ही रीत. म्हणजे माझं, रेणुका. मला ते माझ्या आजीचं मिळालं, तिला तिच्या आजीचं. नाव शोधायची कटकटच नाही.

तरी सुनेनं मोबाइलवर अर्थ शोधलाच. "अम्मा, रेणु म्हणजे धूळ," ती म्हणाली. चेहरा असा, की निवडलेल्या भाजीत अळी निघाली. मी म्हटलं, धूळ तर धूळ, पुढं वाच.

पुढं काय असणार? रेणुका जमदग्नींची बायको. रोज नदीवर जायची, वाळूचा घडा वळायची आणि त्यातच पाणी भरून आणायची. एके दिवशी पाण्यात गंधर्वाची सावली दिसली, मन जरासं हललं आणि घडा वळेना. नवरा संतापला, मुलांना म्हणाला, आईचं डोकं उडवा. परशुरामानं ऐकलं. बाप खूश होऊन वर माग म्हणाला, तेव्हा त्यानं आईला जिवंत करून मागितलं, शिवाय झालेलं तिला आठवू नये, असंही मागितलं. ह्या दुसऱ्या मागण्याचा मला लहानपणापासून राग येतो. एवढं करायचं आणि वर तिनंच विसरायचं!

आमची मराठी घरं कैक पिढ्या तमिळ मुलखात; इकडं त्या रेणुकेचीच मारियम्मन देवी झाली. कावेरीकाठच्या कितीतरी खेड्यांत देवीचं नुसतं मुखच पुजतात. आमची कुलदेवी माहूरची रेणुका, पण घरातल्या कुणी माहूर पाहिलेलं नाही. म्हणून आम्ही शहराबाहेरच्या मारियम्मनला जातो. दोघी एकच, असं आजी म्हणायची आणि तिथं वाद संपायचा.

सुनेला कथा पटली. "सर्टिफिकेटवर रेणुका घालू," ती म्हणाली, "हाक मारायला अम्मू वगैरे बघू काहीतरी." तिथं माझं डोकं फिरलं.

खरं तर तिचं चुकत नव्हतं. सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमच्या लोकांची पद्धत. सून कुंभकोणमच्या आपल्याच माणसांतली, तिला हे बाळकडूच मिळालेलं. माझ्या आईलाही. सासूचं नाव मुलीला दिलं आणि आईला मुलीचंही नाव घेता येईना. ती मला पाप्पा म्हणायची. तमिळमध्ये पाप्पा म्हणजे बाळ. आमच्या गल्लीतली हरेक पोर पाप्पा.

आवणी महिन्यातल्या, म्हणजे तमिळ श्रावणातल्या, रविवारी मारियम्मनच्या देवळात मुंगी शिरायला जागा नसते. अशाच एका रविवारी माझा हात आईच्या हातून सुटला. लाउडस्पीकरवरच्या माणसानं तिला विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"पाप्पा."

"अम्मा, इथं सगळ्याच पाप्पा. नाव सांगा."

ज्या देवीच्या दारात आई उभी होती तिचंच नाव, पण जीभ उचलेना. तशीच रडत ती वडिलांना शोधायला धावली. ते बाहेर चपला सांभाळत उभे होते. त्यांनी येऊन नाव सांगितलं, मग ते पुकारलं गेलं. तोवर मी एका फुलवालीच्या टोपलीमागं रडून रडून झोपले होते.

हा किस्सा घरी आईच्या मर्यादेचं कौतुक म्हणून सांगायचे. आजी तर चारचौघांत सांगायची. मीही हसायचे. आईच्या तोंडून एकदा तरी आपलं नाव ऐकावं, असं मला फार वाटायचं. बोलले नाही कधी. बोलून काय, तिला जमलं नसतं. ती गेली तेव्हाही मी पाप्पाच होते.

म्हणून सुनेला सांगितलं, "हे नाव ठेवायचं तर ह्याच नावानं हाक मारायची. नाहीतर दुसरं ठेव. माझं नाव संपलं तरी चालेल." चालणार नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण सांगितलं.

थोरली जाऊ तिथंच बसली होती. "अय्यो! सुनेनं सासूला नावानं हाक मारल्यासारखं दिसेल ते!"

"दिसू दे," मी म्हटलं.

बारशाच्या दिवसापर्यंत काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट. माझी मुलगी म्हणजे बाळाची आत्या. तिनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, त्या गोंधळात मला काही ऐकू आलं नाही.

मग सून पाळण्याशी आली. मान खाली, कान लाल. दोनदा तोंड उघडून मिटलं तिनं. "रेणुका," ती म्हणाली, इतकं हळू की जाऊ पुढं वाकली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.

बाळ झोपलेलंच होतं.

"ओ," मी म्हटलं.

सगळे खो खो हसले, सूनसुद्धा. मी थट्टा केली नव्हती.