भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे सर

प्रभाकरराव लोणारे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. हिंगण्याच्या कारखान्यात, संगणक विभागात, मी नुकतीच रुजू झाले होते. विभागप्रमुख या नात्याने सरांनी मला खुर्ची दिली, "आता तुमचा पासवर्ड ठरवून टाका," असं म्हणाले आणि उठून थेट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, तेही मागल्या महिन्याचं. माझं काम झालं तरी सर आपले कॅलेंडरच वाचत होते. माझं काही चुकलं की काय, अशी मला धास्ती. शेवटी त्यांनीच विचारलं, "झालं का हो मॅडम? वळू मी?"

एवढा मोठा माणूस नव्या मुलीची परवानगी घेऊन वळतो, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला एकच प्रसंग सांगायचा आहे. त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

कामगारांसाठीची वेबसाइट सरांनी स्वतः उभी केली होती. रजेचा अर्ज, शिफ्ट बदलून घेणं, इतकंच काय राजीनामासुद्धा त्यावरूनच द्यायचा. पासवर्डच्या बाबतीत सर तेव्हा फार कडक. बारा अक्षरं हवीत, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर महिन्याला सगळं नवं. परिणाम व्हायचा तोच झाला. दर सोमवारी पासवर्ड विसरलेल्यांची रांग माझ्या टेबलापाशी लागू लागली. दिवसभर यंत्रावर राबणाऱ्या माणसांनी ती आकडे-चिन्हांची खिचडी लक्षात ठेवायची तरी कशी? पण मला त्यांची दया येण्याऐवजी राग यायचा. एका सोमवारी वैतागून मी त्यांच्या सुपरवायझरना म्हटलं, "तुम्हीच एका वहीत सगळ्यांचे लिहून ठेवा ना!"

त्यांनी ठेवले. रांग संपली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे काही महिन्यांनी देविदास नेवारे नावाचे कामगार विभागात आले. अंगावर कामाचे कपडे, हातात कार्यालयाचं पत्र, तुमचा राजीनामा मंजूर करण्यात आला आहे असं सांगणारं. "सायेब, म्या राजीनामा देल्लाच नाही," ते सरांना म्हणाले. "मी तं मशीनवर होतो. मंग मले काहून काढून राहिले?" सोळा वर्षांची नोकरी होती त्यांची. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पासवर्ड कोणाले माहीत आहे?" देविदासभाऊ म्हणाले, "वहीत हाय ना. सगळ्यायचेच हायेत."

माझ्याच सांगण्यावरून सुरू झालेली वही! ती वही सुपरवायझरच्या टेबलावर दिवसभर उघडी पडलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही ती चाळावी.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांपुढे बैठक झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पासवर्ड त्याचा, म्हणजे राजीनामाही त्याचाच. सरांनी नोंदी पुढे ठेवल्या. राजीनामा सुपरवायझरच्या केबिनमधल्या संगणकावरून भरला गेला होता आणि त्या वेळी देविदासभाऊ हजेरीप्रमाणे यंत्रावर होते. मग व्यवस्थापकांनी विचारलं, "पण ही वही ठेवायची अक्कल कोणाची?"

सुपरवायझर माझ्याकडे बघत होते. ते काही बोलायच्या आत सर उठून उभे राहिले. "वही कोणी सुचवली याला महत्त्व नाही, साहेब. माणसाला पाठ होणार नाही असा नियम मी केला, म्हणून वहीची गरज पडली. चूक माझी आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या, त्याची नोकरी त्याला परत करा."

आपणच केलेला नियम चुकला, हे इतक्या जणांसमोर म्हणायला किती छाती लागते! देविदासभाऊ त्याच आठवड्यात कामावर परतले. राजीनामा कोणी भरला ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. सरांची बढती मात्र त्या वर्षी अडली. वही मीच सुचवली हे सरांना ठाऊक होतं, सुपरवायझरनी त्यांना आधीच सांगितलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बैठकीनंतर मी रडत माफी मागायला गेले तेव्हा ते इतकंच म्हणाले, "चहा घ्या. आणि वही गेली म्हणजे सोमवारची रांग परत लागेल, ती आता मीपण सांभाळतो."

नियम बदलायचं ठरलं, तेव्हा काहींचं मत पडलं की पासवर्डची कटकटच नको, मोबाइल नंबर पुरे. सरांनी ठाम नकार दिला. "कुलूप मजबूतच पाहिजे. पण किल्ली माणसाच्या खिशात मावली पाहिजे." चिन्हं गेली, महिन्याची बदलाबदली गेली. लांबी मात्र बारावरून वीस अक्षरांवर नेली: आपल्या बोलीतलं एक अख्खं वाक्य, इंग्रजी अक्षरांत.

मग पंधरा दिवस सर चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टेबलावर संगणक मांडून, एकेकाचा नवा पासवर्ड ठरवून घेत बसले. ते उदाहरणसुद्धा देत नसत, कारण दिलं की वीस जण तेच ठेवतील. फक्त म्हणत, "अशी गोष्ट आठवा, जी तुम्ही कोणाला सांगितली नाही आणि मेल्यावरच विसराल." हसणारी, एकमेकांना कोपरं मारणारी माणसं एकदम गप्प होत. आणि प्रत्येकाच्या वेळी सर उठत, भिंतीकडे तोंड करत आणि विचारत, "झालं का गा? वळू?" कारखान्यात शेकडो माणसं होती. तितक्या वेळा ते उठले. गुडघे दुखत होते, तरी एकदाही बसल्या बसल्या नुसती मान वळवली नाही.

या ग्रंथासाठी दोन शब्द मागायला मी गेल्या महिन्यात देविदासभाऊंकडे गेले होते. म्हणाले, "म्याडम, मले लिहिता नाही येत. पण माह्यं वाक्य अजून तेच हाय. एकडाव बी नाही इसरलो." मी गमतीने विचारलं, "त्यात सर आहेत का हो?"

ते हसले, मग डोळे पुसले. "ते नाही सांगनार. सायबानंच तं शिकवलं."

सर, तुम्हाला उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, गुडघे न कुरकुरता हुडकेश्वरच्या रस्त्यांवर तुमचं रोजचं फिरणं होवो. या ग्रंथात पुष्कळांनी तुमच्याबद्दल लिहिलं आहे. पण तुमच्याबद्दलची सगळ्यात खरी वाक्यं इथे छापलेली नाहीत. ती किती जणांच्या पासवर्डमध्ये, काय शब्दांत दडली आहेत, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ती लिहिली जात होती तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात.