कोरेगावच्या स्थळाची परतफेड

कोरेगावचं ते स्थळ जवळजवळ ठरलं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात मला जर्मनीत वर्षभर शिकायची संधी मिळाली. मुलाची हरकत नव्हती, म्हणजे तो काही बोललाच नाही. बोलली त्याची आई. आमच्या कडेगावच्या घरी, सोप्यात बसून ती वडिलांना म्हणाली, "वरीसभर परमुलखात एकटी राहिलेली पोरगी आमच्या घरात न्हाई चालायची. तितं काय करतीया, कुणाला दिसतंय?" आणि उठलीच. वडिलांनी मान खाली घातली.

मी गेले ती शिकायच्या ओढीने कमी आणि रागाने जास्त. सुरुवातीला भाषा कळायची नाही, कोरडा पाव खायचा आणि रडायचं. मग एकदा वर्गात एक मुलगी प्राध्यापकांना तोंडावर म्हणाली, "तुमचं म्हणणं मला पटत नाही," आणि ते खूश झाले. मी बघतच राहिले. हळूहळू मीही बोलायला लागले. ताप आला तेव्हा एकटीने दवाखाना गाठला. खोलीतल्या मुलीला 'आज भांडी तुझ्याकडे' असं सांगता येऊ लागलं. सगळ्यात उशिरा जमलं ते कारण न देता नाही म्हणणं.

परत आल्यावर सांगलीत जर्मनचे वर्ग काढले. एका दुपारी दारात तीच बाई उभी. सोबत तिची धाकटी मुलगी. मिरजेला नर्सिंग झालेली, आता जर्मनीत वर्षभर शिकायला निघालेली.

मला बघून बाईने पदर सारखा केला. "मागचं मनात ठिऊ नका. पोरीचं कल्याण व्हईल."

"वर्षभर एकटी राहील. चालेल तुम्हाला?"

"आता काळ बदललाय की."

"काळ नाही, मावशी, मुलगी बदलली. तेव्हा ती दुसऱ्याची होती."

मुलगी गोंधळून आईकडे बघू लागली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बाईला घाम फुटला. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

मुलीशी माझं वैर नव्हतं. तिला मी जीव ओतून शिकवलं. पण ते वर्ष माणसाचं काय करतं हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या आईला नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मुलगी तिकडे असतानाच आईने तिला न विचारता एका बागायतदाराचं स्थळ पक्कं केलं. मुलगी परत आली, पाहुण्यांसमोर बसली आणि म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही." का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. ती नुसतं पाणी प्यायली आणि आत निघून गेली. हे मला तिनेच हसत सांगितलं.

तिच्या आईचाही फोन आला. "तुमी हे मुद्दाम केलंसा!"

"व्हय," मी म्हणाले. "मुद्दाम."

तिने फोन कट केला. मुलगी आता पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा तिकडेच गेली आहे. तिचं बघून तिच्या भावकीतल्या आणखी दोन मुली माझ्याकडे येऊ लागल्या आहेत. त्यांच्या आया सोडायला येतात तेव्हा मी त्यांना पंख्याखाली बसवते आणि फार गोड बोलते.