चवथीच्या चंद्रावरची भेग

उस्मानपुऱ्यातल्या सांडूला चंद्रावरच्या खड्ड्यांचं भारी वेड. वाळूजच्या कारखान्यात तो ग्राइंडिंग मशीनवर. केसाएवढा फरकही बोटांनी ओळखणारा. दुर्बिणीचा आरसा त्यानं दोन वर्षं हातानं घासून केला होता. तिला कॅमेरा लावून तो हजारो फोटो काढी, त्यातले स्वच्छ आलेले तेवढे लॅपटॉपवर एकावर एक चढवी. मग एकेक खड्डा असा उठून येई, की हात घालून बघावासा वाटे.

यंदा त्याला पेटाव्हियस नावाच्या विवरातली भेग हवी होती. ती दिसते चंद्र तीन-चार दिवसांचा असताना. दोन महिने ढग हटले नाहीत, आणि आभाळ निवळलं ते नेमकं गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी! या चंद्राकडे पाहिलं की चोरीचा आळ येतो. त्याची आई सारजाबाई तर चवथीला साऱ्या गल्लीच्या खिडक्या लावून घ्यायची.

“आई, मी कुठं बघतो? कॅमेरा बघतोय.”

“कॅमेऱ्यावर नाय येत आळ. तुझ्यावर येतो, मुडद्या!”

तरी पठ्ठ्या गच्चीवर गेलाच. थोड्या वेळानं सारजाबाई डोळ्यांवर पदर ओढून मोदक घेऊन आली. ताट ठेवून परत जायला मात्र तिनं बराच वेळ लावला. सांडू लॅपटॉपवर भेगेचे फोटो एकावर एक चढवत होता.

भेग झकास आली. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या प्रदर्शनात त्यानं फोटो लावला, खाली स्वतःचं नाव. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष तात्यासाहेबांनी चारचौघांत तो खाली उतरवला.

“गच्चीवरून असला फोटो निघतो व्हय? नेटवरून चोरलास तू.”

सांडूचा चेहराच पडला. वीस वर्षांत कारखान्यात ज्याच्या हातचा एकही नग परत आला नाही, त्याला चोर म्हणावं! “मूळ फाइली दाखवतो,” तो म्हणाला.

“त्या तरी तुझ्याच कशावरून?”

तेवढ्यात आरतीच्या बायकांतून सारजाबाई पुढं आली.

“म्या पाठीमागं उभी व्हते, तात्यासाहेब. ती भेग म्या सोत्ता बघितली, चवथीच्या दिवशी! आता लावा माझ्यावर बी आळ.”

मंडपात हशा पिकला. सारजाबाई असली कबुली खोटी द्यायची नाही, हे तात्यासाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांच्याही घरच्या खिडक्या तिनं लावल्या होत्या. त्यांनी मुकाट्यानं फोटो जागेवर टांगला.

सांडूचे डोळे भरून आले. त्यानं पेन काढून आपल्या नावाखाली लिहिलं : ‘साक्षीदार – आई’.

“पुस ते आधी,” सारजाबाई दबक्या आवाजात म्हणाली, “गणपती समोरच बसलाय!”