पाळण्यातली अस्थी

पाळण्याची दोरी करकरली की खाडीकाठची ती झडती मला अजून आठवते. मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी पनवेल ठाण्यात शिपाई होते. बायकांची झडती असली की मला नेत, एरवी मी कोपऱ्यात गप्प बसे.

एका वाडीतल्या चर्चच्या पाद्रीबाबांनी फिर्याद दिली, संताची अस्थी चोरीला गेली. चांदीच्या डबीत, काचेआड, नखाएवढा हाडाचा तुकडा. सणाला सगळी ख्रिस्ती वाडी रांगेनं तिचं चुंबन घेई. सण तोंडावर आला होता. पाद्रीबाबा नवे. त्यांनी कपाट उघडलं तर डबी नाही.

मग एका मासळीवालीनं खबर दिली. ती ख्रिस्ती नव्हती. "आमच्या शेजारची म्हातारी रिकामा पाळना झुलवते, बाय. सून नि नातू गेल्या पावसातच मातीत गेले. तरी आत कायतरी हाय. चेटकीन हाय ती!"

भर दुपारी गेलो. हवालदार उंबऱ्याशीच थांबले. "बायकांचं काम. तू हो पुढे."

म्हातारी पाळणा हलवत होती. मी दुपटं सारलं. उशीवर डबी होती, गळ्यापर्यंत पांघरलेली.

ठाण्यात फौजदारांनी दरडावलं, "कबूल कर, नाहीतर तुरुंगात जाशील." ती टेबलावरच्या डबीकडेच बघत होती. मुद्देमाल लिहिताना हवालदार कुजबुजले, "साहेब, हाड लिहू की संत?" कुणी हसलं नाही.

मी पाणी दिलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "त्याला उघडा नाय ना ठेवला?"

"आजी, डबी दिली कुणी?"

"जुन्या पाद्रीबाबांनी. सून अडली व्हती. अडलेलीच्या उशाला संत ठेवतात. मग बाळंतिनीनं बाळ घेऊन तो सोता देवळात परत न्यायचा. आमची रीत हाय." पाण्याचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "बाळंतीन नाय, बाळ नाय. रिकाम्या हातानी कशी जाऊ?"

जुने पाद्रीबाबा वारले होते. वाडीतल्या सुईणीनं तोच जबाब दिला. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. फिर्याद मागे घेतली गेली, पण डबी पाद्रीबाबांना द्यायची वेळ आली तशी म्हातारी ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. मी भीत भीत म्हटलं, "आजी, बाळाच्या दुपट्यातून न्या. मी येते बरोबर."

सणाच्या सकाळी ती दुपट्यात गुंडाळलेली डबी छातीशी धरून चर्चमध्ये आली. रांगेनं वाट दिली. मासळीवाली दाराबाहेर मान खाली घालून उभी होती. पाद्रीबाबांनी डबी घेतली, तरी म्हातारीचे हात तसेच राहिले. रिकामं दुपटं ती थोपटत होती.

पुढे झडतीत काही सापडलं, की ते तिथे कुणाच्या जागी ठेवलंय हे मी आधी बघत असे. त्या केसनं एवढं शिकवलं.

एक गोष्ट मात्र कुठल्या कागदावर नाही. चर्चमधून मी तिला घरी सोडायला गेले. घराला कुलूप होतं, वाराही पडलेला. दार उघडलं तर पाळणा हलत होता. मी दोरी धरायला हात पुढे केला.

"र्‍हाऊ दे, बाय," ती म्हणाली. "आता निजेल तो."